जुनं अमेरिकन साहित्य अकरावी-बारावीला कसं शिकवायचं: जोड्या लावून आठ आठवड्यांचा प्लॅन

मागच्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला. पुण्यात आयबी (आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) शाळेत शिकवणारे एक सर, नुकत्याच टेक्सासला शिकवायला आलेल्या एक ताई, आणि एक आई जिची मुलगी यंदा अकरावीत ऑनर्स इंग्लिशला आहे. प्रश्न असा की हे सोळाशे-सतराशे सालातलं अमेरिकन साहित्य मुलांपर्यंत पोचवायचं कसं, भाषा अवघड, स्पेलिंगं विचित्र, पानापानावर देव, आणि वर्गातली हुशार मुलंसुद्धा दहा मिनिटांत खिडकीबाहेर बघायला लागतात. मी न्यू जर्सीत अकरावीला हाच भाग बरीच वर्षं शिकवतेय, म्हणून एकदाच बैजवार लिहून काढते, ज्याला जेवढं उपयोगी पडेल तेवढं घ्या.

इथे बहुतेक शाळांत अकरावीचं इंग्लिश म्हणजे अमेरिकन साहित्य, आणि हुशार मुलं त्याच वर्षी एपी लँग्वेज (कॉलेजच्या पातळीचा इंग्लिशचा कोर्स) घेतात, ज्याच्या परीक्षेत तीन निबंध असतात आणि त्यातला एक पूर्ण 'लेखकाने हे कसं पटवून दिलंय' यावर असतो. जुने अमेरिकन लेखक या कामाला फार चांगले, कारण त्यातलं जवळपास कोणीच 'साहित्य' म्हणून लिहीत नव्हतं. कोणाला पैसे उभे करायचे होते, कोणाला पापी माणसाला घाबरवायचं होतं, कोणाला राजाशी संबंध तोडायचे होते, तर कोणाला आपण माणूस आहोत एवढंच सिद्ध करायचं होतं.

पहिल्या वर्षी मी चुकीची सुरुवात केली. तीन दिवस प्युरिटन लोकांवर (इंग्लंडहून आलेले कडवे प्रोटेस्टंट) लेक्चर, सनावळ्या, नकाशे, स्लाइड्स, मुलांनी नोट्स व्यवस्थित घेतल्या, आणि चौथ्या दिवशी प्रत्यक्ष उतारा उघडला तर एकालाही वाक्य लागेना. वर सगळ्यांची उत्तरं सारखी यायला लागली, म्हणजे माझंच लेक्चर मला परत मिळत होतं. तेव्हापासून मी एक नियम धरलाय: कुठलाही उतारा एकटा शिकवायचा नाही. प्रत्येकाच्या शेजारी त्याला अडवणारा, खोटं पाडणारा किंवा निदान दुसऱ्या बाजूने बघणारा उतारा ठेवायचा. मग लेक्चरची गरज खूप कमी होते कारण प्रश्न मुलंच विचारतात.

आधी निवड करा, आणि निर्दयपणे करा

पाठ्यपुस्तकात या काळावर दोन-अडीचशे पानं असतात. ती संपवायच्या मागे लागू नका. आठ आठवडे, रोजचा पंचेचाळीस-पन्नास मिनिटांचा तास, यात सहा-सात जोड्या नीट होतात, त्याहून जास्त घेतल्या की नुसती धावपळ. मी मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा गव्हर्नर विन्थ्रप याच्या १६३० च्या प्रवचनातला 'टेकडीवरचं शहर' हा एकच परिच्छेद घेते, कारण राजकारणी लोक तो आजही वापरतात. बॉस्टनचा धर्मोपदेशक कॉटन मॅदर तर सोडूनच देते, फक्त पुढे सेलमच्या चेटकिणींवरच्या खटल्यांचं नाटक असेल तर त्याची दोन पानं काढते. वॉशिंग्टन अर्विंग पुढच्या युनिटला. 'हे नाही झालं तर मुलांचं काय होईल' ही धास्ती सोडून द्या, काही होत नाही.

पहिला दिवस: स्मिथचे दोन कागद

पहिल्या दिवशी प्रस्तावना नाही, सनावळी नाही. दोन छोटे उतारे द्या, लेखकाचं नाव आणि साल झाकून. दोन्ही कॅप्टन जॉन स्मिथचे आहेत पण मुलांना ते सांगायचं नाही. पहिला १६०८ चा, जेम्सटाउनची वसाहत सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं. त्यात तो पोहाटन राजाच्या कैदेत आहे, राजा त्याला खायला-प्यायला घालतो, बोलणी होतात, आणि त्याला परत पाठवतात. दुसरा १६२४ चा. तोच प्रसंग, पण आता दोन मोठे दगड आणलेत, स्मिथचं डोकं त्यावर ठेवलंय, सोटे उगारलेत, आणि राजाची लाडकी मुलगी पोकाहोंटस मधे झेपावून त्याचं डोकं आपल्या कवेत घेते. यात स्मिथ स्वतःबद्दल 'तो' म्हणून लिहितो, जणू दुसराच कोणी सांगतोय.

मुलांना एवढंच विचारा: हे दोन्ही एकाच प्रसंगाबद्दल आहेत, कोणावर विश्वास ठेवाल आणि का? दहा मिनिटं गटात बोलू द्या. मग साल उघड करा, मग नाव उघड करा, मग सांगा की दुसरा उतारा छापला तेव्हा पोकाहोंटस वारून सात वर्षं झाली होती आणि तिचे वडील सहा वर्षांपूर्वीच गेले होते, म्हणजे 'असं झालं नाही' म्हणायला तिकडून कोणी उरलं नव्हतं. त्या क्षणी वर्ग जागा होतो, दर वर्षी होतो. काही मुलं लगेच 'स्मिथ खोटारडा' म्हणून मोकळी होतात, तिथे थांबवा. काही अभ्यासक म्हणतात की तो कदाचित त्यांचा दत्तक घ्यायचा विधी असेल आणि स्मिथला तो कळलाच नसेल, हीही शक्यता समोर ठेवा. आपल्याकडे बखर वाचताना जसं विचारतो, की ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिली, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि वाचणारा कोण होता, अगदी तेच प्रश्न आहेत. मी ते तीन प्रश्न भिंतीवर मोठ्या कागदावर लिहून लावते आणि आठ आठवडे काढत नाही.

दुसरा टप्पा: लांब वाक्य वाचायला शिकवा (इथे घाई नको)

बहुतेक शिक्षक इथेच कमी वेळ देतात आणि पुढे सगळं अडतं असा माझा अनुभव आहे. मुलांना या लेखकांचे विचार कळतात, वाक्यं कळत नाहीत. म्हणून एक अख्खा आठवडा मी फक्त विल्यम ब्रॅडफर्डच्या दीड पानावर घालवते. १६२० साली मेफ्लॉवर जहाज केप कॉडच्या किनाऱ्याला लागलं तो प्रसंग, प्लिमथ वसाहतीच्या त्याच्या इतिहासातलं नववं प्रकरण.

करायचं असं. आधी तुम्ही मोठ्याने वाचा, सावकाश, मुलांच्या हातात कागद न देता. या लोकांचे कान प्रवचनाला सरावलेले होते आणि वाक्यं कानासाठीच बांधलेली आहेत, त्यामुळे ऐकताना निम्मा अर्थ आपोआप लागतो. मग कागद द्या आणि एकाच वाक्यातलं मुख्य क्रियापद शोधायला सांगा, बाकी काही नाही. ते सापडलं की कर्ता, मग उरलेले सगळे तुकडे प्रत्येकी नव्या ओळीवर लिहायला लावा, पायऱ्यापायऱ्यांसारखे. मग त्यांना दिसतं की ब्रॅडफर्ड काय करतोय: स्वागताला मित्र नाहीत, थकलेल्या अंगाला विसावा द्यायला सराय नाही, आसरा मागायला गाव नाही. म्हणजे तो किनारा दाखवतच नाहीये, किनाऱ्यावर काय *नाही* त्याची यादी देतोय. एवढं एका मुलाला दिसलं की बाकीच्यांना पण दिसतं आणि मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, की तिथे खरंच काहीच नव्हतं का?

इथे जोडी लावायची, आणि ती ब्रॅडफर्डच्याच पुस्तकातून. दोन प्रकरणं पुढे टिस्क्वॉन्टम येतो, ज्याला सगळे स्क्वॉन्टो म्हणतात. त्याला १६१४ मधे पकडून स्पेनला विकायला नेलं होतं, तिथून तो इंग्लंडला पोचला, इंग्लिश शिकला, आणि १६१९ ला घरी परतला तर त्याचं पटुक्सेट गाव साथीत संपलेलं. प्लिमथ वसाहत वसली ती त्याच गावाच्या जागेवर. म्हणजे ब्रॅडफर्डला जे ओसाड रान दिसलं ते कालपरवापर्यंत कोणाचं तरी शेत होतं, आणि त्याच गावातला वाचलेला माणूस या नव्या लोकांना मका कसा पेरायचा, खत म्हणून मासे कसे पुरायचे ते शिकवतोय. ब्रॅडफर्ड त्याला देवाने पाठवलेलं साधन म्हणतो. मुलांना लिहायला द्या: 'साधन' या एका शब्दावर एक पान. माझ्याकडे आलेल्या सगळ्यात चांगल्या निबंधांतले बरेच याच प्रश्नावरचे आहेत.

त्यात अजून एक घ्यावं असं मला वाटतं पण वर्ग बघून ठरवा. १६३७ साली मिस्टिकला इंग्रजांनी पिक्वॉट लोकांचं गाव जाळलं, त्याचं वर्णन ब्रॅडफर्डनेच केलंय आणि त्यात तो त्या विजयाला गोड बलिदान म्हणतो. किनाऱ्यावर गुडघे टेकून देवाचे आभार मानणारी माणसं आणि हे, एकाच लेखणीतून. मुलं इथे गप्प होतात. होऊ द्या, लगेच काही बोलून ती शांतता भरू नका.

शब्दांबद्दल एक गोष्ट, एक वेगळी वही ठेवा 'ओळखीचे वाटणारे पण फसवणारे शब्द' अशी. त्या काळी 'वाँट' म्हणजे हवं असणं नाही तर कमतरता, 'डिस्कव्हर' म्हणजे बऱ्याचदा उघड करणं, 'ऑफुल' म्हणजे भीतियुक्त आदर वाटावा असं. मूळ छापील पान दाखवणार असाल तर आधीच सांगा की एफसारखं दिसणारं अक्षर बऱ्याचदा एस असतं, आणि यू-व्ही एकमेकांच्या जागी येतात, नाहीतर सगळा तास त्यातच जातो.

आदिवासी कथा पहिल्या धड्यात कोंबू नका

जवळपास प्रत्येक पाठ्यपुस्तक एखाद्या सृष्टीकथेने सुरू होतं, बहुतेकदा हॉडेनोशोनी म्हणजे इरोक्वाय लोकांची, आकाशातून पडणारी स्त्री, कासवाची पाठ, पाण्याखालून आणलेली माती. मग पान उलटलं की ते लोक पुस्तकातून गायब. मुलांच्या डोक्यात बसतं की हे 'आधीचे', आणि आता संपले. मी म्हणून ही कथा तिसऱ्या आठवड्यात घेते, ब्रॅडफर्ड झाल्यावर, त्याच्या ओसाड किनाऱ्याला उत्तर म्हणून, कारण या कथेत जमीन रिकामी नाहीच, ती प्राण्यांच्या मदतीने बनलेली आहे आणि बनल्यापासून तिच्याशी नातं आहे. टस्करोरा लेखक डेव्हिड क्युसिक याने ती १८२० च्या दशकात स्वतः इंग्लिशमधे छापली, शक्यतो त्याचंच रूप घ्या, कोणा गोऱ्या संकलकाचं नको. आणि मुलांना हे बोलायला लावा की तोंडाने सांगायची गोष्ट छापली की काय जातं. आजीच्या तोंडून ऐकलेली एखादी गोष्ट तिच्याच शब्दांत लिहून आणा असं सांगते मी, आपल्या भारतीय घरातली मुलं या दिवशी फार छान बोलतात, एरवी या कोर्सात त्यांना वाटत असतं की हा आपला विषय नाही.

याच लोकांना पुढेही परत परत आणत राहा. खाली जेम्स प्रिंटर आणि सॅमसन ऑकम हे दोन मूळ निवासी येतात, ते याचसाठी.

ब्रॅडस्ट्रीट आणि रोलंडसन: घर गमावलेल्या दोन बायका

ॲन ब्रॅडस्ट्रीट १६३० ला आली, तिच्या कविता १६५० ला लंडनला छापल्या गेल्या, मेव्हण्याने हस्तलिखित नेलं होतं. १० जुलै १६६६ ला तिचं घर जळालं त्यावरची कविता घ्या. वरवर ती म्हणते देवाने दिलं देवाने नेलं, सगळी माया आहे. पण मधल्या ओळी बघा, राखेजवळून जाताना ती एकेक जागा दाखवते, इथे ती पेटी होती, तिथे तो संदूक, आता या छपराखाली पाहुणा बसणार नाही, टेबलावर गोष्टी रंगणार नाहीत. मुलांना दोन रंगांचे पेन द्या, एकाने 'देवाला पटेल असं' बोलणं अधोरेखित करायचं आणि दुसऱ्याने 'बाई बोलतेय' ते. मग विचारा, कुठला रंग जास्त आला, आणि कविता कुठल्या रंगावर संपते? यावर वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत, काही मुलं म्हणतात शेवट खरा आहे, काही म्हणतात शेवट लोकांसाठी आहे. मी माझं मत सांगत नाही. मला स्वतःला वाटतं दोन्ही रंग खरे आहेत आणि तिच्या कवितेची ताकद नेमकी त्यात आहे, पण ते मी वर्ष संपल्यावर कोणी विचारलं तरच सांगते.

मेरी रोलंडसनला फेब्रुवारी १६७६ मधे लँकेस्टर गावातून पकडून नेलं, मेटाकॉम या वाम्पानोआग सरदाराच्या, म्हणजे इंग्रज ज्याला किंग फिलिप म्हणायचे त्याच्या, युद्धात. सहा वर्षांची जखमी मुलगी तिच्या मांडीवर गेली. अकरा आठवड्यांनंतर वीस पौंड खंडणीवर तिची सुटका झाली आणि १६८२ ला तिचं पुस्तक आलं. पूर्ण वाचायला वेळ नसतो, तीन जागा निवडा: हल्ल्याची सकाळ, मग ती मेटाकॉमच्या मुलासाठी सदरा शिवते आणि तो तिला एक शिलिंग देतो तो प्रसंग, आणि भुकेने कासावीस झालेली ती एका लहान पोराला चावता न येणारा घोड्याच्या पायाचा तुकडा त्याच्याकडून घेऊन स्वतः खाते ते. ती प्रत्येक गोष्टीला बायबलचं वचन लावते, पण या शेवटच्या प्रसंगात वचन आणि कृत्य यांच्यात जी फट पडते ती मुलांना स्वतः शोधू द्या. सदऱ्याच्या प्रसंगात तिच्या रागाच्या शब्दांआड एक साधा बाजार चाललाय, देवघेव, ओळख, हेही त्यांना दिसतं.

आणि आता जोडी. जेम्स प्रिंटर हा निपमक जमातीचा माणूस केंब्रिजच्या छापखान्यात काम करायचा. तिथेच १६६३ ला मॅसॅच्युसेट भाषेत पूर्ण बायबल छापलं गेलं, म्हणजे या वसाहतींत छापलेलं पहिलं अख्खं बायबल इंग्लिशमधे नव्हतं! युद्धात तो दुसऱ्या बाजूला होता, रोलंडसनच्या खंडणीच्या पत्रव्यवहारात लेखनिक म्हणून होता, आणि युद्धानंतर पुन्हा त्याच छापखान्यात, जिथून तिच्या पुस्तकाची आवृत्ती निघाली. त्याने स्वतःचं असं पुस्तक मागे ठेवलं नाही. मुलांना विचारा, जो माणूस ही अक्षरं जुळवतोय त्याच्याबद्दल या पानांवर काय म्हटलंय, आणि ती जुळवताना त्याच्या हाताखालून कुठले शब्द गेले.

एडवर्ड्सचे दोन कोळी

न्यू इंग्लंडचा धर्मोपदेशक जोनाथन एडवर्ड्स याचं ८ जुलै १७४१ चं एनफील्डचं प्रवचन सगळेच शिकवतात, नरकाच्या आगीवर देवाच्या हातात लोंबकळणारा कोळी. मुलं घाबरत नाहीत, हसतात, आणि एडवर्ड्स म्हणजे ओरडणारा वेडा असा समज पक्का होतो. त्यावर उपाय म्हणजे आधी त्याचं १७२३ चं पत्र द्या. वीस वर्षांचा एडवर्ड्स त्यात उडणाऱ्या कोळ्यांचं निरीक्षण लिहितो, ते हवेत धागा सोडून कसे तरंगतात, उन्हात तो धागा कसा चमकतो, अगदी प्रेमाने, शास्त्रज्ञासारखं. ते वाचून झाल्यावर प्रवचन द्या. आता प्रश्न बदलतो: ज्याला कोळी इतका आवडायचा त्याने नेमका कोळीच का निवडला? मग त्यांना सर्वनामं मोजायला लावा, 'ते' कधी थांबतं आणि 'तुम्ही' कधी सुरू होतं. परीक्षेच्या निबंधासाठी याहून चांगला सराव मला सापडलेला नाही. एक तास पुरतो, जास्त ताणू नका.

मराठी वाचकांना एक सांगण्यासारखं आहे. न्यू इंग्लंडच्या याच चर्चपरंपरेतल्या लोकांनी पुढे जे परदेशी मिशन काढलं त्याचे पहिले लोक १८१३ ला मुंबईत उतरले, तेच अमेरिकन मराठी मिशन, ज्याच्या अहमदनगरच्या केंद्रातून १८४२ ला 'ज्ञानोदय' निघालं. त्यामुळे प्युरिटन म्हणजे आपल्याशी काही संबंध नसलेले लोक असं समजायचं कारण नाही.

फ्रँकलिनकडून लिहायला शिका

बेंजामिन फ्रँकलिनच्या आत्मचरित्रातले तेरा सद्गुण आणि त्यांचा तक्ता सगळ्यांना माहीत असतो आणि मुलांना आठवडाभर तो तक्ता भरायला लावतात, त्यातून फारसं काही निघत नाही. त्यापेक्षा त्याने लिहायला कसं शिकून घेतलं तो भाग करा, तोही प्रत्यक्ष. तो एका इंग्लिश नियतकालिकातला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा मुद्दा दोन-तीन शब्दांत लिहायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा आणि मग मूळ न बघता पुन्हा पूर्ण लिहायचा. मग ताडून बघायचा. कधी मुद्द्यांचे कागद पिसायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा क्रम लावायचा.

सोमवारी मुलांना तो फिलाडेल्फियात पहिल्यांदा येतो तो परिच्छेद द्या, दोन्ही काखांत एकेक मोठा पाव आणि तिसरा खात खात रस्त्याने जातोय, दारात उभी असलेली पुढे बायको होणारी मुलगी त्याला बघतेय. प्रत्येकाने कार्डांवर मुद्दे लिहायचे. कार्डं तुम्ही गोळा करा आणि पिसा. शुक्रवारी परत द्या आणि लिहायला लावा. मूळ परिच्छेदाशी ताडताना त्यांना पहिल्यांदा कळतं की साधं लिहिणं किती अवघड आहे. या एका खेळाने माझ्या मुलांच्या लेखनात जो फरक पडला तो वर्षभराच्या लाल शाईने पडला नव्हता.

जोडी हवी असेल तर त्याच पुस्तकातला व्हाइटफील्ड या फिरत्या धर्मोपदेशकाच्या प्रवचनाचा प्रसंग घ्या. फ्रँकलिन ठरवून जातो की एक पैसा देणार नाही, मग तांब्याची नाणी द्यावीशी वाटतात, मग चांदीची, शेवटी सोन्यासकट खिसा रिकामा. एडवर्ड्सच्या शेजारी ठेवला की दोन बाजू होतात, बोलणारा काय करतो आणि ऐकणाऱ्याचं काय होतं. आणि एक लक्षात आणून द्या, १७७१ ला सुरू केलेला पहिला भाग मुलाला उद्देशून आहे, तो मुलगा विल्यम पुढे इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला, आमच्या न्यू जर्सीचा शेवटचा राजनियुक्त गव्हर्नर तोच. १७८४ ला फ्रँकलिनने पुढचं लिहायला घेतलं तेव्हा 'प्रिय मुला' गेलेलं असतं.

व्हीटली, ऑकम आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा खोडलेला भाग

शेवटचे दोन-अडीच आठवडे इथे ठेवा. बाकी कशावरही कात्री चालवा पण यावर नको.

फिलिस व्हीटलीची आफ्रिकेतून आणल्याबद्दलची कविता आठच ओळींची आहे. १७६१ ला सात-आठ वर्षांची असताना तिला बॉस्टनला विकलं, जहाजाचं नाव फिलिस म्हणून तिचं नाव फिलिस आणि मालकाचं आडनाव व्हीटली. तिच्या स्वतःच्या आईबापांनी ठेवलेलं नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही. १७७३ चं पुस्तक लंडनला छापावं लागलं कारण बॉस्टनमधे ते जमलं नाही, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला अठरा मोठ्या पुरुषांची सही आहे की होय, हे हिनेच लिहिलंय. आधी ते सहीपत्र वाचा, कविता नंतर. त्या अठरा नावांत गव्हर्नर हचिन्सन आणि जॉन हॅनकॉक दोघं आहेत, जे पुढे क्रांतीत एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना होते.

पहिल्यांदा वाचताना बरीच मुलं चिडतात, ही गुलामगिरीला दया म्हणतेय! ठीक आहे, ते ऐकून घ्या. मग सातव्या ओळीचे स्वल्पविराम फळ्यावर लिहा. 'लक्षात ठेवा, ख्रिश्चन, निग्रो, केनसारखे काळे, शुद्ध होऊ शकतात.' इथे 'ख्रिश्चन' म्हणून ती हाक मारतेय, की ख्रिश्चन आणि निग्रो दोघांनाही शुद्ध व्हायची गरज आहे म्हणतेय? स्वल्पविराम दोन्ही वाचू देतात. केन म्हणजे बायबलमधला, भावाचा खून करणारा; आणि काही समीक्षकांना 'केन' या नावात ऊस (इंग्लिशमधे उसालाही 'केन' म्हणतात) आणि 'शुद्ध होणं' यात साखर ऐकू येते. आता त्याच आठ ओळी पुन्हा वाचा.

त्यानंतर तिचं ११ फेब्रुवारी १७७४ चं, सॅमसन ऑकम या मोहेगन धर्मोपदेशकाला लिहिलेलं पत्र, जे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत छापलं गेलं. तोवर ती मोकळी झाली होती. त्यात ती सरळ म्हणते की देवाने प्रत्येक माणसाच्या छातीत स्वातंत्र्याची ओढ पेरलीय, त्या ओढीला जुलूम सोसवत नाही, आणि जे स्वातंत्र्याचा घोष करतात आणि दुसऱ्यांवर सत्ता चालवतात त्यांच्या वागण्यातली विसंगती कळायला तत्त्ववेत्ता लागत नाही. जुलै १७७६ च्या दोन वर्षं आधी. आता जाहीरनामा वाचायला घ्या आणि मुलांना मी सांगण्याआधीच सगळं दिसत असतं.

जाहीरनामा छापील स्वरूपात नको, जेफरसनच्या मसुद्याशी ताडून वाचा. गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा एक लांब परिच्छेद वसाहतींच्या प्रतिनिधींच्या काँग्रेसने काढून टाकला. मुलांना दोन्ही बाजू मांडायला लावा: ठेवला असता तर काय, काढला म्हणून काय. तो लिहिणाऱ्या माणसाकडे आयुष्यभरात सहाशेहून जास्त गुलाम होते, आणि त्याने नंतर लिहिलं की व्हीटली कवी म्हणायच्या लायकीची नाही, हेही त्यांच्यासमोर असू द्या. मूळ निवासींना 'निर्दय रानटी' म्हणणारी ओळ मात्र काढली नाही, ती अजून तिथेच आहे.

टॉमस पेनचे, इंग्लंडपासून स्वातंत्र्याची बाजू मांडणारे १७७६ चे पॅम्फ्लेट वेळ असेल तर दोन पानं. इथे मी वर्गात एक गोष्ट आवर्जून सांगते, की याच पेनचं नंतरचं 'राइट्स ऑफ मॅन' पुण्यात एका तरुणाने वाचलं आणि त्याने १८७३ ला 'गुलामगिरी' लिहून ते गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. जोतीराव फुल्यांची ती अर्पणपत्रिका इंग्लिशमधे आहे, त्यामुळे थेट वाचायला देता येते. पुण्यातल्या सरांनी तर हे सोडूच नये.

काय करू नये

अभिनय करायला लावू नका. गुलामांचा लिलाव, कैदेतला प्रवास, जहाजाचा तळ, कसलंही नाटक नाही. काही शाळांत झालंय असं, आणि मुलांना झालेली जखम भरत नाही. वर्गातल्या एकुलत्या काळ्या किंवा मूळ निवासी मुलाकडे बघून 'तुला काय वाटतं' असं विचारू नका, तो त्याच्या लोकांचा प्रवक्ता नाही. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या इक्वियानोचं आत्मकथेतलं जहाजाचं प्रकरण किंवा क्रेव्हकरच्या, शेतकऱ्याच्या पत्रांच्या पुस्तकातलं नववं पत्र, ज्यात झाडाला टांगलेल्या पिंजऱ्यातला माणूस पाणी मागतो, हे द्यायचं असेल तर आदल्या दिवशी काय आहे ते सांगा आणि मोठ्याने वाचायची सक्ती करू नका. जुने अपमानकारक शब्द उताऱ्यात येतात, ते वर्गात उच्चारायचे की नाही हे पहिल्याच आठवड्यात मुलांशी बोलून ठरवा.

पालकांसाठी एवढंच, मुलीला अर्थ सांगत बसू नका. तिला म्हणा मला मोठ्याने वाचून दाखव. पाचव्या मिनिटाला तीच अडलेल्या जागा शोधते.

लेखन आणि मार्क

दर आठवड्याला एक पान, एका शब्दावर किंवा एका ओळीवर, त्याहून मोठं नाही. त्याला मी मार्क देत नाही, फक्त एक प्रश्न लिहून परत करते आणि पुढच्या आठवड्याच्या पानात त्याचं उत्तर यायला हवं. मोठा निबंध एकच. त्यात दोन उतारे घ्यायचे जे आपण वर्गात *जोडले नाहीत*, आणि सिद्ध करायचं की ते एकमेकांना काही सांगतात. ब्रॅडस्ट्रीटची राख आणि टिस्क्वॉन्टमचं रिकामं गाव यावर एका मुलीने लिहिलं होतं, मला ते सुचलं नसतं. मार्क देताना निम्मे उताऱ्यातल्या नेमक्या शब्दांना द्या, पार्श्वभूमीच्या माहितीला फार कमी, नाहीतर इंटरनेटवरून उचललेलं सारांशलेखन यायला लागतं.

शेवटच्या तासाला मी काही शिकवत नाही. ऑकमने १७६८ ला लिहिलेल्या छोट्या आत्मकथनाचा शेवट वाटते. त्यात तो मोहेगन धर्मोपदेशक हिशोब मांडतो, की बारा वर्षं काम करून मला एकूण एकशे ऐंशी पौंड मिळाले आणि दुसऱ्या ठिकाणी तेवढे एका वर्षाला दिले. मग तो एका इंडियन पोराची गोष्ट सांगतो, ज्याला मालक रोज मारायचा, आणि का मारतो विचारलं तर पोरगं म्हणतं, बहुतेक मी इंडियन आहे म्हणून. हे लिहून त्याने ठेवून दिलं आणि ते छापलं जायला १९८२ उजाडलं. मुलांनी ते मनात वाचायचं, वहीत भिंतीवरच्या तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची, आणि वही टेबलावर ठेवून जायचं. त्या तासाची घंटा झाल्यावर दोन-तीन मुलं नेहमी लिहीतच बसलेली असतात, त्यांच्या पुढच्या तासाच्या शिक्षकांसाठी उशिराची चिठ्ठी मी आधीच सही करून ठेवते.